पीएसए वाढलाय म्हणाले, आता पुढे काय?

माझ्या थोरल्या काकांनी पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात त्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आठवडाभर कपाटात कपड्यांखाली दडवून ठेवला होता. आकडा ९.२, आणि शेजारी लॅबने छापलेलं 'सामान्य: ० ते ४'. इस्त्रीचे कपडे लावताना तो काकूंच्या हाती लागला आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. एकाने रात्रभर इंटरनेटवर प्रोस्टेट कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्याची वर्णनं वाचून काढली, दुसरा 'काढूनच टाकू ना एकदाचं' म्हणत ऑपरेशनची चौकशी करायला लागला. पुढच्या दीड वर्षात त्यांच्याबरोबर तपासण्यांना जाताना जे कळत गेलं, ते त्या पहिल्या दिवशी कुणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या युरॉलॉजिस्टशी, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांशी, बोलूनच घ्यायचा, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलेलं बरं.

सगळ्यात आधी: ही ग्रंथी असते कुठे?

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या बरोबर खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी, २० ग्रॅमच्या आसपास असते. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. वीर्यातला काही द्रव ती बनवते आणि त्या द्रवातलं एक प्रथिन वीर्य पातळ करायचं काम करतं. ते प्रथिन म्हणजेच पीएसए. त्याचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो, आणि रक्ततपासणीत तोच मोजतात. म्हणजे पीएसए हे काही कॅन्सरचं विष नव्हे. ते प्रत्येक पुरुषाच्या रक्तात असतंच.

आता जरा नीट लक्ष द्या, कारण सगळा गोंधळ इथून सुरू होतो. चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांची प्रोस्टेट हळूहळू वाढते. ही साधी वाढ नळीला लागून असलेल्या आतल्या भागात होते. त्यामुळे नळी दाबली जाते, धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, करून आलं तरी राहिल्यासारखं वाटतं. कॅन्सर मात्र साधारण ७० टक्के वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला, गुदाशयाकडच्या बाजूला सुरू होतो. तिथली छोटी गाठ नळीला धक्काही लावत नाही.

म्हणून लघवीचा त्रास असेल तर बहुतेकदा तो साध्या वाढीचा असतो. आणि सुरुवातीच्या कॅन्सरचा बहुधा काहीच त्रास नसतो. आपल्याकडची समजूत नेमकी उलटी. ज्याला रात्री उठावं लागतं तो घाबरतो, आणि ज्याची धार उत्तम आहे तो 'मला काही होतच नाही, तपासू कशाला?' म्हणून निर्धास्त राहतो. साधी वाढ पुढे कॅन्सरमध्ये बदलत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच माणसात शेजारी शेजारी असू शकतात.

लघवीचा त्रास असलाच तर तोही मोजता येतो. डॉक्टरांकडे सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते आणि तिचे गुण ० ते ३५ धरतात. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० आणि त्याच्या वर तीव्र. 'थोडासा त्रास होतो' असं मोघम सांगण्यापेक्षा हा आकडा नेला तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

काही वेळा मात्र वाट बघायची नाही. लघवी पूर्ण तुंबली, लघवीतून रक्त आलं, किंवा जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे. आणि पाठदुखीबरोबर पायांतली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटत असेल, शौच-लघवीवरचा ताबा जात असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांना किंमत असते.

तपासणी करावी की नको?

या प्रश्नाला सरसकट 'हो' असं उत्तर नाही, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात पुरुषांना ठरावीक काळाने पीएसए तपासायला बोलावलं आणि २३ वर्षं त्यांचा मागोवा घेतला. प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. पण एक मृत्यू टाळायला ४५६ जणांना तपासणीला बोलवावं लागलं. फायदा खरा आहे, फक्त तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. दुसऱ्या पारड्यात असे बरेच कॅन्सर आहेत, जे शोधले नसते तर त्या माणसाला जन्मभर कळलेही नसते. दुसऱ्याच कारणाने गेलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमध्ये असे छोटे, निद्रिस्त कॅन्सर कितीतरी वेळा सापडतात.

अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं असं सांगितलं, आणि ७० नंतर सरसकट तपासणी नको म्हटलं. बऱ्याच ठिकाणी पन्नाशीला ही चर्चा सुरू करतात. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर तुमचा धोका दुपटीच्या वर जातो, मग ४५ लाच विषय काढायचा. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांनीही तसंच.

घराण्याचा इतिहास सांगताना आई, बहीण, मावशी यांना विसरू नका. स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर ज्या बीआरसीए २ जनुकातल्या दोषामुळे होऊ शकतो, तोच दोष पुरुषात प्रोस्टेटचा धोका वाढवतो, आणि तो आजार बहुधा आक्रमक असतो. आम्हाला डॉक्टरांनी आत्याच्या आजाराबद्दल विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "तिचा इथे काय संबंध?" संबंध होता.

रक्त देण्याआधी

उपाशीपोटी जायची गरज नाही. पण दोन दिवस आधी वीर्यस्खलन टाळा आणि लांबवर सायकल चालवू नका, दोन्हींमुळे आकडा तात्पुरता चढू शकतो. लघवीचा संसर्ग झाला असेल तर बरं झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबा. नुकताच कॅथेटर (लघवी काढायला घालतात ती नळी) घातला असेल किंवा बायोप्सी, म्हणजे सुईने ग्रंथीचे नमुने काढून तपासणी, झाली असेल तरीही तसंच.

याच्या उलट चूक औषधांमुळे होते. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहाएक महिने घेतल्यावर पीएसए जवळपास निम्म्यावर आणते. अशा माणसाचा ३ हा आकडा ६ समजून वाचावा लागतो. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळीतही कमी मात्रेत फिनास्टेराइडच असतं, आणि केसांची गोळी कोणी युरॉलॉजिस्टला सांगत बसत नाही. सांगा.

शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा, पद्धत बदलली की आकडे थोडे हलतात.

काकांच्या बाबतीत पहिला प्रश्नच हा आला: गेल्या महिन्यात लघवीला जळजळ झाली होती का? झाली होती. पंधरा दिवसांपूर्वी, अँटिबायोटिकही घेतलं होतं. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं तर ९.२ चा ५.८ झाला. घरात पेढे वाटायच्या बेताने सगळे खूश. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "कमी झाला, पण नीट उतरला नाही."

आकडा कसा वाचायचा

४ ही एक सोयीसाठी आखलेली रेघ आहे, त्याच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे धोका असं काही नाही. ४ ते १० मध्ये असलेल्या साधारण चारांपैकी एकात बायोप्सीत कॅन्सर सापडतो, १० च्या वर निम्म्याहून अधिकांत. आणि एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ४ किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्यांचीही बायोप्सी केली, तर सुमारे १५ टक्क्यांत कॅन्सर निघाला. वयाबरोबर ग्रंथी वाढते, तसा आकडाही चढतो. त्यामुळे पंचेचाळिशीतला ३.५ हा सत्तरीतल्या ५ पेक्षा जास्त विचार करायला लावणारा असू शकतो.

म्हणून डॉक्टर आकड्याच्या आजूबाजूला बघतात. एकूण पीएसएपैकी मोकळा, म्हणजे फ्री पीएसए किती? तो २५ टक्क्यांच्या वर असेल तर साध्या वाढीची शक्यता जास्त, १० च्या खाली असेल तर संशय वाढतो. ग्रंथी किती मोठी आहे? पीएसएला ग्रंथीच्या मिलिलिटरमधल्या आकाराने भागलं की घनता मिळते, आणि ती ०.१५ च्या वर गेली की पुढे बघावं म्हणतात. काकांची ग्रंथी ३४ मिलिलिटर, ५.८ भागिले ३४ म्हणजे ०.१७. तोच ५.८ जर ८० मिलिलिटरच्या ग्रंथीतून आला असता तर कदाचित तिथेच थांबलो असतो. ही भागाकाराची गोष्ट मला फार उपयोगी वाटली. घरच्या घरी करता येते, आणि डॉक्टरांना एक नेमका प्रश्न विचारता येतो.

बोटाने तपासणी होते तिचं पुरुषांना उगाच दडपण असतं. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून ग्रंथीची मागची बाजू चाचपतात. मिनिटभरही लागत नाही. कॅन्सर बहुधा त्याच बाजूला असतो, म्हणून कडक गाठ असेल तर बोटाला लागू शकते.

एमआरआय, मग बायोप्सी

हा क्रम महत्त्वाचा आहे. पूर्वी पीएसए वाढला की थेट बायोप्सी करायचे. आता आधी एमआरआय करतात, कारण संशयाची जागा दिसली तर सुई नेमकी तिथे मारता येते, आणि काही जणांची बायोप्सीच टळते. शिवाय बायोप्सीनंतर आत रक्त साकळलेलं असतं, त्याने एमआरआयचं चित्र गढूळ होतं.

एमआरआयच्या रिपोर्टात पाय-रॅड्स नावाचा १ ते ५ मधला गुण असतो. १ आणि २ म्हणजे शक्यता कमी, ३ म्हणजे सांगता येत नाही, ४ आणि ५ म्हणजे सुई लावून बघायला हवं. पण हा संशयाचा गुण आहे, कॅन्सरच्या टप्प्याचा नाही. काकांचा ४ आला तेव्हा चुलतभावाने फोनवर 'चौथी स्टेज' म्हणून सांगितलं आणि दोन घरांत रडारड झाली. तुमच्या घरी तरी हे होऊ देऊ नका.

बायोप्सी गुदमार्गातून करतात किंवा वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून. दुसऱ्या मार्गात जंतुसंसर्गाची भीती कमी. साधारण बारा नमुने, अधिक संशयाच्या जागेचे दोन-चार. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्ताची छटा दिसते. आधी सांगितलं नसेल तर माणूस हबकतो. थंडी वाजून ताप आला तर मात्र रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जायचं.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. प्रोस्टेटच्या बायोप्सीत असं होणं अत्यंत दुर्मीळ आहे.

ग्लीसन म्हणजे काय?

डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने (नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरने) १९६० च्या दशकात पेशींची रचना बघून गुण द्यायची पद्धत बसवली. रिपोर्टात दोन आकड्यांची बेरीज असते. पहिला आकडा सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रचनेचा, दुसरा त्याखालोखालचा. आता प्रत्यक्षात बेरीज ६ पासून १० पर्यंतच येते. त्यामुळे ३+३=६ बघून 'दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याहून पुढे' असं वाटतं, पण तो सगळ्यात खालचा, सगळ्यात सौम्य प्रकार. हा गैरसमज टाळायला हल्ली १ ते ५ असे ग्रेड ग्रुपही देतात, ६ म्हणजे ग्रुप १.

३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज ७, पण दोन्ही सारखे नाहीत. दुसऱ्यात जास्त आक्रमक रचना अधिक प्रमाणात आहे. ८ ते १० म्हणजे उपचार लवकर ठरवायला हवेत. एवढा मोठा निर्णय ज्या काचपट्ट्यांवर उभा आहे, त्या दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवायला संकोच वाटून घेऊ नका. त्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आजार पसरलाय का हे बघायला हाडांचा स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत हे दाखवणारा स्कॅन) करतात. सौम्य प्रकारात त्यांची सहसा गरज नसते.

निर्णयाची पायरी, आणि इथे वेळ घ्या

काकांचा रिपोर्ट ३+३=६ आला. डॉक्टर म्हणाले, सध्या काही करायचं नाही, लक्ष ठेवायचं. घरच्यांना हे पचवायला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. कॅन्सर आहे आणि काही करायचं नाही?

याला सक्रिय निरीक्षण म्हणतात, आणि ते हातावर हात ठेवून बसणं नाही. दर सहाएक महिन्यांनी पीएसए, गरजेप्रमाणे एमआरआय, साधारण वर्षभराने पुन्हा बायोप्सी. आजार पुढे सरकताना दिसला की उपचार. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ग्रंथीपुरता कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांची निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी केली. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले ३ टक्क्यांच्या आसपासच होते. आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र निरीक्षणाच्या गटात सुमारे ९ टक्के, बाकी दोन्हींत ५ च्या आसपास. निरीक्षणातल्या निम्म्याहून अधिकांना पुढे कधीतरी उपचार घ्यावेच लागले. पण तोवरची वर्षं त्यांनी उपचारांच्या दुष्परिणामांशिवाय काढली. माझ्या मते सौम्य प्रकारात हाच पहिला पर्याय म्हणून मांडला जायला हवा, आणि कोणी तो न मांडता थेट ऑपरेशनची तारीख दिली तर दुसरं मत घ्यावं.

शस्त्रक्रियेत पूर्ण ग्रंथी काढतात. ताठरतेच्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. त्या वाचवण्याचं तंत्र १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी रूढ केलं, पण नसा वाचल्या तरी ताठरता परतायला दोन वर्षंही लागू शकतात आणि काहींची परतत नाही. सुरुवातीचे काही महिने खोकताना, उठताना लघवी गळते. वीर्य येणं कायमचं थांबतं, पण लैंगिक सुख जाणवतं. मूल हवं असेल तर आधी शुक्राणू साठवून ठेवायचे. सर्जनला विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? तुमच्या पेशंटपैकी वर्षाने पॅड वापरणारे किती?

रेडिएशनला कापाकापी नाही, पण लघवी आणि शौचाची जळजळ होते आणि ताठरतेवरचा परिणाम सावकाश, काही वर्षांत दिसतो. आजार पुढे गेलेला असेल तर पुरुषी हार्मोन थांबवणारे उपचार येतात. टेस्टोस्टेरॉन तोडलं की हा कॅन्सर मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या उपचारात अंगातून गरम वाफा आल्यासारखं होतं, हाडं विरळ होतात, मन उदास राहतं. घरच्यांनी हे 'चिडचिडे झालेत' म्हणून सोडून देऊ नये.

ऑपरेशन ठरलं तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीपासून तयार करा. वायू सरताना आवरतो तो स्नायू. तो पाच सेकंद आवळायचा, सोडायचा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नका.

बाकीच्या तब्येतीबद्दल थोडं

ताठरतेची तक्रार घेऊन पुरुष जाहिरातवाल्या गोळ्यांकडे जातात. ती हृदयरोगाची आगाऊ खूणही असू शकते, कारण शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात आणि आधी तुंबतात. त्यामुळे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आधी बघा. 'प्रोस्टेटसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांपासून लांब राहा. ई जीवनसत्त्वाची गोळी कॅन्सर टाळते का हे बघायला एक प्रचंड मोठा अभ्यास झाला, त्यात ती घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. चालणं आणि तंबाखू सोडणं यांच्या जाहिराती कोणी करत नाही, पण कामाला तेच येतं.

एक वही मात्र कराच. तारीख, आकडा, लॅब, त्या सुमारास काय झालं होतं. काकांच्या वहीत गेल्या महिन्याची नोंद आहे: ५.५, आणि पुढे बारीक अक्षरात 'दोन दिवस सायकल बंद होती'. त्यांच्या मुलाला पुढच्या वर्षी ४५ पूर्ण होतील. शेवटच्या पानावर काकांनी त्याचं नाव लिहून खाली रकाने आखून ठेवलेत.